तारुण्याची इंजेक्शने आणि दीर्घायुषी उंदीर

अमिनो आम्लांची छोटी साखळी म्हणजे पेप्टाइड. इन्शुलिन हे त्याचे ओळखीचे उदाहरण. सध्या ‘वय रोखणारी’ म्हणून विकली जाणारी सीजेसी-१२९५ आणि इपामोरेलिन ही पेप्टाइड्स मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला वाढीचे संप्रेरक जास्त सोडायला लावतात. हे संप्रेरक वयानुसार घटते. ते भरून काढले की तारुण्य परतेल, असा यामागचा तर्क.

या तर्काला १९९० मध्ये बळ मिळाले. अमेरिकेतील डॉ. डॅनियल रुडमन यांनी साठी ओलांडलेल्या १२ पुरुषांना सहा महिने हे संप्रेरक दिले. त्यांची चरबी १४.४ टक्के घटली, चरबीविरहित वजन ८.८ टक्के वाढले. आयुष्य वाढते का, हे मात्र त्यात तपासलेच नव्हते.

पुढे उंदरांवरील प्रयोगांतून उलटेच दिसले. ज्यांच्या पेशी या संप्रेरकाला प्रतिसादच देत नाहीत, असे खुजे उंदीर जास्त जगतात. इक्वेडोरमध्ये असाच जन्मजात दोष असलेल्या ठेंगण्या माणसांत कर्करोग आणि मधुमेह क्वचितच आढळला. त्यांचे आयुष्य मात्र वाढलेले दिसले नाही. याउलट हे संप्रेरक अति झाल्यास रक्तातील साखर वाढते, हृदयावर ताण येतो.

म्हणजे वयानुसार होणारी प्रत्येक घट हा आजार नसतो. स्नायू टिकवायचे तर व्यायाम आणि पुरेशी प्रथिने हा खात्रीचा मार्ग आहे. मधुमेह किंवा पूर्वी कर्करोग झालेल्यांनी अशा इंजेक्शनांपासून दूरच राहावे. कुपीवर ‘फक्त संशोधनासाठी’ असे छापलेले असेल, तर ते औषध नव्हे.