औषध आहे, जागा नाही
(रोहिंग्यांच्या छावणीतला एक कामाचा दिवस)

पहाटे ५.१५

पावसाच्या आवाजानेच जाग येते. मी कोल्हापूरकडची, त्यामुळे आषाढाचा पाऊस मला नवा नाही. घरी असा पाऊस लागला की रोपलागणीच्या गोष्टी निघतात. इथे, बांगलादेशातल्या कॉक्सबाजारला, हात आधी फोनकडे जातो. रात्रीत छावणीतली कुठली टेकडी खचली का, ते बघायला. २०२४ च्या जूनमध्ये एका पहाटे अशाच पावसात दरडी कोसळल्या आणि झोपलेली माणसं गाडली गेली. आज निरोप एवढाच आहे की उतारावरची काही खोपटं रिकामी केलीत आणि माणसं शिक्षणकेंद्रात हलवलीत. घर सोडून आलेल्यांना काल रात्री पुन्हा घर सोडावं लागलं. मी डबा भरते, गमबूट घेते आणि निघते.

सकाळी ६.४५

आज रविवार. इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, म्हणून आठवडा आजपासून सुरू. छावणीतल्या दवाखान्याकडे निघालेल्या गाडीत आम्ही सहाजण आहोत; मी डॉक्टर. दुभाष्याचं काम करणारी मुलगी चितगावची आहे. ती मला 'आपा' म्हणते, म्हणजे ताई. उजव्या हाताला समुद्र आहे. पुढे रस्ता आत वळतो आणि उखियाकडे जातो. त्याच्याही पुढे टेकनाफ, मग नाफ नदी आणि नदीपलीकडे म्यानमारचा राखाईन प्रांत.

२५ ऑगस्ट २०१७ नंतर त्या प्रांतात लष्कराने रोहिंग्या समाजाची गावंच्या गावं पेटवली आणि काही महिन्यांत सात लाखांहून जास्त रोहिंग्या ही सीमा ओलांडून आले. कुणी होडीतून आलं, कुणी चिखलातून, कुणी म्हाताऱ्या आईला कावडीत बसवून. त्याआधीही लोंढे आले होते, १९७८ मध्ये आणि १९९१-९२ मध्ये. आज उखिया आणि टेकनाफ या दोन तालुक्यांतल्या ३३ छावण्यांत मिळून दहा लाखांहून जास्त माणसं राहतात.

सकाळी ८.१५

चौकीवर ओळखपत्रं दाखवली. इथून पुढे काटेरी तारेचं कुंपण. कुतुपालाँग-बालुखाली हा जगातला सगळ्यात मोठा निर्वासित तळ. साधारण १३ चौरस किलोमीटरमध्ये सहा लाखांवर माणूस राहतो. कोल्हापूरच्या वाचकाला हे लगेच समजेल. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची वस्ती साडेपाच लाख होती आणि शहराचं क्षेत्र आहे जवळपास ६७ चौरस किलोमीटर. म्हणजे सगळं शहर त्याच्या पाचव्या हिश्श्यात कोंबायचं, इमारती नाहीत, पक्क्या भिंती नाहीत, आणि वर हा पाऊस.

इथे पक्कं बांधकाम करायला परवानगी नाही. बांबू आणि ताडपत्री, एवढंच. ही वस्ती कायमची होऊ नये हा त्यामागचा हेतू. बांगलादेशची बाजूही समजून घ्यायला हवी. स्वतःची जमीन अपुरी असलेल्या देशाने एवढी माणसं आत घेतली. या टेकड्यांवरचं जंगल गेलं, हत्तींची वाट अडली, स्थानिकांची मजुरी पडली. पण पक्क्या बांधकामाच्या बंदीचा परिणाम असा की नऊ पावसाळे होत आले तरी माणसं तात्पुरतीच राहतायत. २२ मार्च २०२१ ला आग लागली तेव्हा याच बांबू-ताडपत्रीची सुमारे दहा हजार खोपटं जळाली आणि पंचेचाळीस हजारांच्या आसपास लोक उघड्यावर आले.

वाळूच्या पोत्यांच्या पायऱ्या उतरून आम्ही दवाखान्यात पोचतो. दवाखानाही बांबूचाच.

सकाळी ९.००

रांग दाराबाहेर गेली आहे. बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी. एक रोहिंग्या स्वयंसेवक टोकन वाटतोय. त्याला पगार मिळत नाही, कारण निर्वासितांना इथे नोकरी करता येत नाही. तासाच्या हिशेबाने थोडं मानधन मिळतं. त्याला इंग्रजी येतं, बर्मी येतं, बंगाली येतं, आणि पेशंटची आजाराची गोष्ट तो माझ्यापेक्षा नीट ऐकतो. मोकळ्या जगात असता तर आतापर्यंत कुठल्यातरी इस्पितळात पक्का लागला असता.

पहिलं कुटुंब आत येतं. आई, पाच मुलं, सासू. सगळ्यांनाच खरूज. धाकट्याच्या बोटांच्या बेचक्यांत पुरळ पिकलाय. रात्रभर खाजवून तो झोपत नाही, म्हणून कुणीच झोपत नाही. २०२३ मधल्या पाहणीत छावण्यांतल्या जवळपास चाळीस टक्के लोकांना खरूज असल्याचं आढळलं होतं. उपचार अवघड नाही. मलम मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी अंघोळ करायची, आठवड्याने पुन्हा एकदा. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं. कपडे-पांघरुणं उकळत्या पाण्यात धुवायची, नाहीतर प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून काही दिवस बाजूला ठेवायची.

दुभाषी मुलगी सगळं समजावते. आई मान डोलावते, मग हलक्या आवाजात विचारते, "आपा, पांघरुणं दोनच आहेत. ती पिशवीत बांधली तर पोरांना काय घालू?"

मलमाच्या सात नळ्या मी तिच्या हातात ठेवते. पण या प्रश्नावर लिहून देण्यासारखं माझ्याकडे काही नाही. तिच्या खोपटाला लागून शेजारचं खोपट आहे आणि दोन्हींच्या मध्ये एकच ताडपत्री. आज हे घर बरं होईल, पंधरा दिवसांनी शेजारची मुलं खेळायला आली की पुन्हा खाज सुरू. हीच आई गेल्या उन्हाळ्यात आली होती. केसपेपरवर माझंच अक्षर आहे.

सकाळी ११.००

एक म्हातारी पोट धरून बसली आहे. तिचे शब्द दुभाषी मुलगी मला जसेच्या तसे सांगते: "गा लामानी." गा म्हणजे अंग. अंग खाली उतरतंय, असा त्याचा शब्दशः अर्थ. पहिल्या महिन्यात हे ऐकून मी अशक्तपणाच्या गोळ्या लिहायला घेतल्या होत्या. रोहिंग्या भाषेत हा जुलाबाला शब्द आहे. चितगावची बोली त्यांच्या बोलीच्या जवळची, म्हणून तिकडची मुलं दुभाष्याचं काम करतात. जवळची असली तरी एक नव्हे, म्हणून प्रत्येक शब्द दोनदा विचारून घ्यावा लागतो.

क्षारसंजीवनी दिली, बसवून पाजली. पावसाळ्यात संडासाचे खड्डे भरून वाहतात आणि हातपंप उताराच्या खालच्या बाजूला असतात. तिच्या मागे रांगेत आणखी चार 'गा लामानी' आहेत.

दुपारी १२.३०

पलीकडच्या खोलीत सुईण हाक मारते. मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. आई जेमतेम एकोणीसची, पडद्याआड आजी हसतेय. या छावण्यांत वर्षाला तीस हजारांच्या आसपास बाळं जन्मतात.

पुढचं काम कागदाचं. जन्माची नोंद होईल, कुटुंबाच्या कार्डावर नाव चढेल, शिधा वाढेल. पण या मुलीचा देश कोणता, त्या रकान्याला उत्तर नाही. म्यानमारच्या १९८२ च्या नागरिकत्व कायद्याखाली मान्य केलेल्या वंशांत रोहिंग्या नाहीत, त्यामुळे तो देश तिला आपली मानत नाही. बांगलादेश १९५१ च्या निर्वासित कराराचा सदस्य नाही आणि इथे जन्मल्याने तिला नागरिकत्व मिळत नाही. वजन दोन किलो आठशे ग्रॅम, रडणं खणखणीत. डॉक्टर म्हणून मला तिच्यात काहीही कमी दिसत नाही.

दुपारी १.३०

डबा उघडते. समोरच्या उतारावर शिध्याच्या दुकानाची रांग दिसते. २०२५ मध्ये माणशी महिन्याला बारा डॉलरच्या आसपास रकमेचा शिधा कार्डावर मिळत होता. तांदूळ, डाळ, तेल, मीठ, थोडी भाजी. २०२३ मध्ये पैसा आटला तेव्हा ही रक्कम आठ डॉलरवर आली होती. त्या महिन्यांत दवाखान्यात रोडावलेल्या मुलांची संख्या वाढली. २०२५ च्या मार्चमध्ये रक्कम सहावर आणण्याची नोटीस निघाली होती, ती कशीबशी टळली. पण त्याच वर्षी जूनमध्ये निधीअभावी हजारो शिक्षणकेंद्रं बंद करावी लागली. कमवायला बंदी असलेल्या माणसाचं ताट पूर्णपणे दूरदेशीच्या अर्थसंकल्पावर अवलंबून असतं. तिकडे एक सही झाली की इकडे मुलाच्या दंडाचा घेर मोजणारी पट्टी लाल दाखवते.

दुपारी २.३०

घरभेटी. क्षयाच्या गोळ्या घेणाऱ्या एका काकांकडे जायचंय. खोपट म्हणजे दहा बाय चौदा फुटांची जागा, मध्ये कापडाचा पडदा. एका कोपऱ्यात गॅसची शेगडी, दुसऱ्यात वाकळी. बांबूला कीड लागलीय, बोटाने दाबला तर पिठूळ भुकटी गळते. आपत्तीच्या वेळी निवाऱ्यात माणशी किमान साडेतीन चौरस मीटर जागा असावी असा जागतिक निकष आहे. इथे नऊ माणसं राहतात.

गोळ्या मोजून झाल्यावर काका आढ्याला टांगलेली प्लॅस्टिकची पिशवी उतरवतात. आतली दुसरी पिशवी सोडतात, तिच्यातून तिसरी. मग कागद निघतात. शेताच्या करपावत्या. म्यानमारच्या अधिकाऱ्यांनी दरवर्षी गावात येऊन केलेली कुटुंबाची यादी, फोटोसकट. वडिलांचं जुनं ओळखपत्र. पांढरं तात्पुरतं ओळखकार्ड काकांजवळ नाही, ते २०१५ मध्ये म्यानमार सरकारने रद्द करून परत घेतलं. यादीतल्या दोन नावांवर काका बोट ठेवतात आणि काही बोलत नाहीत. दुभाषी मुलगीही विचारत नाही.

काकांनी नाफ तीनदा ओलांडली. १९७८ मध्ये लहानपणी वडिलांचा हात धरून, १९९२ मध्ये नवी बायको घेऊन, २०१७ मध्ये नातवंडं घेऊन. दोनदा परत पाठवलं गेलं आणि दोनदा त्यांनी घर पुन्हा उभं केलं. "जायचं आहे," ते म्हणतात. "पण या वेळी कागद हातात पडल्याशिवाय नाही." पावत्या पुन्हा तीन पिशव्यांत बांधून आढ्याला टांगल्या जातात. घरात पाणी गळत नाही अशी तेवढी एकच जागा आहे.

संध्याकाळी ४.००

अंधार पडायच्या आत सगळ्या बाहेरच्या कर्मचाऱ्यांनी छावणी सोडायची, असा नियम आहे. गाडीत बसताना रोज अपराधी वाटतं. आम्ही गेल्यावर टोळ्यांच्या दहशतीची रात्र सुरू होते. रोहिंग्यांची बाजू जगापुढे मांडणाऱ्या मोहिबुल्ला यांची २०२१ मध्ये याच छावणीत त्यांच्या कार्यालयात गोळ्या घालून हत्या झाली. सकाळचा स्वयंसेवक मात्र हात हलवून निरोप देतो: उद्या या.

संध्याकाळी ६.३०

संगणकावर दिवसाची नोंद. आज १३७ पेशंट, त्यात खरूज ५२. आमच्यासारख्या असंख्य तक्त्यांमधून, नोंदणीच्या रजिस्टरांमधून जगाचा आकडा तयार होतो. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या हिशेबाने २०२४ अखेर जगात १२ कोटी ३२ लाख माणसं युद्ध, छळ आणि हिंसाचारामुळे घराबाहेर होती. २०११ च्या जनगणनेतला सगळा महाराष्ट्र ११ कोटी २४ लाखांचा. म्हणजे सावंतवाडीपासून गोंदियापर्यंतची सगळी गावं ओस पडली, तरी हा आकडा भरत नाही. दहा वर्षांत तो दुप्पट झाला होता.

यातले ७ कोटी ३५ लाख स्वतःच्याच देशात भटकत होते. एकट्या सुदानमध्ये युद्धाने १ कोटी ४३ लाख लोकांना घरातून उठवलं. आणि निर्वासित श्रीमंत देशांवर चाल करून येतात, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. सीमा ओलांडलेल्यांपैकी जवळपास तीनचतुर्थांश लोकांना गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांनीच सांभाळलंय. बहुतेक जण शेजारच्या देशाच्या पलीकडे जातच नाहीत. काकांना समोर दिसणारे डोंगरही राखाईनचेच असतात.

रात्री ९.००

आईचा फोन. तिकडे साडेआठ. "जेवलीस का गं?" हा पहिला प्रश्न. मग बातमी: मामेबहिणीचं लग्न ठरलं, बस्ता बांधायला सगळे गांधीनगरला जाऊन आले. साड्या छान मिळाल्या, शालू स्वस्त पडला.

कोल्हापूरजवळचं हे गांधीनगर म्हणजे पूर्वीची वळिवड्याची छावणी. १९४३ ते १९४८ या काळात तिथे पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी होती. बहुतेक बायका आणि मुलं. स्टालिनच्या राजवटीने सैबेरियात हाकललेली, इराणमार्गे आलेली. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. ते गेल्यावर त्याच बराकींत फाळणीने उखडलेले सिंधी आले. आज आम्ही तिथे लग्नाचे बस्ते बांधतो.

एकाच जागेवरचे हे दोन समूह, आणि दोघांचीही छावणी संपली. पोलंडच्या लोकांना पुढे जायला देश मिळाले. सिंध्यांना नागरिकत्व मिळालं, दुकान थाटायची मुभा मिळाली, आणि एका पिढीत त्यांनी बाजारपेठ उभी केली. छावणी संपवायला लागतं ते एवढंच. माझ्या मलमाने ती संपणार नाही. बरं केलेलं अंग मी रोज त्याच गर्दीत परत पाठवते.

आईला मी सांगते की पांघरुणं गोळा करून पाठवता आली तर बघ. ती गोळा करेल, मला माहीत आहे. पण वाचकांकडे माझं मागणं वेगळं आहे. निर्वासित हा शब्द तुमच्या कानावर पडेल, आपल्या देशात किंवा बाहेर, तेव्हा त्यांना किती धान्य दिलं एवढंच विचारू नका. त्यांना काम करायची मुभा आहे का, आणि आज जन्मलेल्या त्यांच्या मुलीला कागद मिळाला का, हे विचारा. त्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली तर बाकीचं ही माणसं स्वतः करतील. गांधीनगरने ते करून दाखवलंय.