आधी सोफा, मग टीव्ही: घरच्या थिएटरमध्ये कुणी कुठे बसायचं?

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी तो इथे लिहून देतोय. बोलल्यासारखाच लिहिलाय, त्यामुळे वाचताना आमचा आवाज कानात आला तर आनंदच आहे.

घरात मोठा टीव्ही येतो, साउंडबार किंवा ५.१ चा सेट येतो. मग आपण काय करतो? टीव्ही एका भिंतीवर आणि सोफा थेट समोरच्या भिंतीला चिकटवून. सिनेमा सुरू झाला की आजी म्हणते, "अरे, काय बोलतायत ते कळतच नाहीये." आपण आवाज वाढवतो. पुढच्याच मिनिटाला मारामारी सुरू होते आणि खिडकीच्या काचा थरथरतात! मग वाटतं, स्पीकरच बंडल. पण बऱ्याचदा स्पीकर ठीक असतो, आपण चुकीच्या जागी बसलेलो असतो.

हे का होतं? समजा हॉल १४ फूट लांब आहे. ४० हर्ट्झच्या खोल, घुमणाऱ्या आवाजाची लहर साधारण २८ फुटांची असते, म्हणजे तिचा बरोबर अर्धा भाग या हॉलमध्ये मावतो. अशा वेळी तो आवाज दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी सगळ्यात जास्त साठतो आणि हॉलच्या अगदी मध्यावर जवळजवळ गायब होतो. म्हणून भिंतीला टेकून बसलात तर सगळं घुमतं आणि त्यात संवाद बुडतात. बरोबर मधोमध बसलात तर स्फोटसुद्धा फुसका वाटतो. शिवाय डोक्यामागे लगेच भिंत असली की आवाज तिच्यावर आपटून कानात परत येतो, तो गोंधळ वेगळाच.

मग बसायचं कुठे? मागच्या भिंतीपासून हॉलच्या लांबीच्या साधारण एक तृतीयांश पुढे. १४ फुटांच्या हॉलमध्ये तुमचे कान मागच्या भिंतीपासून साडेचार-पाच फुटांवर आले पाहिजेत. "एवढी जागा वाया घालवायची?" अजिबात नाही! सोफ्याच्या मागे जेवणाचं टेबल ठेवा किंवा ये-जा करायची वाट तिकडून काढा. तेवढंही जमत नसेल तर निदान फूट-दीड फूट पुढे या, मागे पुस्तकांचं कपाट किंवा जाड पडदा ठेवा आणि सबवूफर कोपऱ्यातून बाहेर काढून त्याचा आवाज कमी करा.

आता टीव्हीचा आकार. सोपा हिशोब आहे: टीव्हीचे इंच गुणिले १.२ म्हणजे जवळचं अंतर आणि गुणिले १.६ म्हणजे लांबचं. ५५ इंची टीव्हीसाठी हे साडेपाच ते सव्वासात फूट येतं, ६५ इंचीसाठी साडेसहा ते साडेआठ. त्यामुळे टीव्ही घ्यायला जाण्याआधी घरी टेप लावा. सोफ्याची जागा ठरली की आकार आपोआप ठरतो.

उंचीचंही बघा. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण ४० इंचांवर असतात. टीव्हीचा मध्य त्याच्या आसपास हवा. टीव्ही फोटोफ्रेमसारखा वर टांगला तर तीन तासांनी मान बोलायला लागते!

सगळ्यात महत्त्वाचं: कुठली जागा कुणाची? मॅचच्या दिवशी दहा जण जमतात. पोरं पुढे गादीवर, लोड-तक्के घेऊन; मधे सोफा; मागे खुर्च्या. आपल्याकडची ही जुनीच पद्धत थिएटरच्या पायऱ्यांचं काम करते, कुणाचं डोकं कुणाच्या आड येत नाही. एल आकाराच्या सोफ्याची आडवी बाजू मात्र फसवी. तिथे मान वळवून बसावं लागतं आणि बऱ्याच एलईडी टीव्हींचे रंग बाजूने फिके दिसतात. नुसते दोन स्पीकर असतील तर बाजूला बसलेल्याला जवळच्याच स्पीकरमधून सगळं येतंय असं वाटतं.

म्हणून ज्याला कमी ऐकू येतं, त्याला मधली जागा द्या, आणि ती पंख्याच्या बरोबर खाली नको, कारण पंख्याची घरघर संवाद खाते. सहसा मधली जागा रिमोटवाल्याची असते आणि आजी-आजोबा कोपऱ्यातल्या खुर्चीत. मग ते पंधरा मिनिटांत "तुमचं चालू दे" म्हणत आत निघून जातात. त्यांना सिनेमा आवडत नाही असं नसतं, तिथून तो कळतच नाही.

येत्या रविवारी एवढं करा. एक संवादांचा प्रसंग कमी आवाजात लावा, एक खुर्ची घ्या आणि ती फूट-फूट मागे सरकवत ऐका. जिथे प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येईल तिथे चिकटपट्टी लावा. सोफा तिथे येऊ द्या. यात एक रुपयाही खर्च नाही, फक्त सोफा उचलायला दोन माणसं लागतील.

तुमच्या हॉलमध्ये काय फरक पडला ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!