रस्ता संपतो तेथे काय असते?

मित्रांनो, दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी वाद झाला. आजोबा २०११ साली रामेश्वरला गेले होते. ते म्हणाले, "धनुष्कोडीला रस्ताच नाही. वाळूतून जीपने जावे लागते." काकू यंदा जाऊन आली. ती म्हणाली, "छे हो मामंजी, आमची बस पार टोकापर्यंत गेली!" मग खरे कोणाचे? गुरुजी म्हणाले, "दोघांचेही खरे," आणि त्यांनी नकाशा काढला.

तमिळनाडूत रामेश्वरचे बेट आहे. त्याच्या शेवटच्या टोकाला अरिचलमुनै म्हणतात. पुढे समुद्र, आणि सुमारे ३० किलोमीटरवर श्रीलंका. टोकाजवळ धनुष्कोडी हे गाव होते. तेथे रेल्वे स्टेशन होते, चर्च होते. लोक येथून बोटीने श्रीलंकेला जात. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री मोठे वादळ झाले. समुद्र गावात शिरला. स्टेशनाकडे येणारी गाडी उतारूंसकट वाहून गेली. गाव राहण्यालायक उरले नाही.

पुढे कितीतरी वर्षे लोक वाळूतूनच जात. २०१७ साली तेथे साडेनऊ किलोमीटरचा रस्ता खुला झाला. हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ८७. दोन्हीकडे समुद्र आणि मधे सरळ डांबरी रस्ता! टोकाला अशोकस्तंभ आहे. त्याला वळसा घालून गाड्या माघारी फिरतात. तेथे पाण्याला ओढ फार, म्हणून समुद्रात उतरणे धोक्याचे.

आता रस्त्याची भाषा शिकू या.

१) किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असला तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असला तर राज्य महामार्ग, काळा किंवा निळा असला तर जिल्हा मार्ग आणि नारिंगी असला तर खेड्याचा रस्ता.

२) लाल काठाची त्रिकोणी पाटी म्हणजे सावध करणारी. पुढे वळण, शाळा किंवा अरुंद पूल आहे.

३) लाल काठाची गोल पाटी म्हणजे मनाई. निळी गोल पाटी म्हणजे सांगितले तसेच करा.

४) निळी चौकोनी पाटी माहिती देते. दवाखाना, पेट्रोल पंप कोठे आहे ते कळते.

हे कशाला शिकायचे? ऐका. गेल्या पावसाळ्यात आपल्या वळणावर एक मोटारसायकल ओढ्यात गेली. वळणाच्या पाटीवर कोणीतरी वाढदिवसाचे पोस्टर चिकटवले होते, त्यामुळे परगावच्या माणसाला वळण कळलेच नाही. लोकांनी १०८ ला फोन केला. "कोठे यायचे?" असे विचारल्यावर सगळे म्हणाले, "वडापाशी!" आता वाटेत वड काय एकच आहे? गाडी पुढे जाऊन परत आली. तो माणूस वाचला, पण तेवढा वेळ तो कण्हत पडला होता. जवळच किलोमीटरचा दगड होता. त्यावरचे गाव आणि आकडा कोणी वाचलाच नाही.

म्हणून पालकांना विनंती आहे. पाटीवर पोस्टर लावू नका, लावू देऊ नका. दगडावर गवत वाढले तर काढा. आणि मित्रांनो, आज घरी जाताना एक काम करा. आपल्या घराजवळच्या दगडावर काय लिहिले आहे ते वाचा, पाठ करा आणि घरी सगळ्यांना सांगा. आमच्या आजोबांनी तर पाठ केलेसुद्धा!

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ६ वी