वळगणीच्या माशाचं ताट

मृगाच्या सरी जोरात कोसळल्या की कर्जतलगतच्या भिसेगाव परिसरात उल्हास नदी गढूळ होते आणि तिला मिळणारे ओहोळ भरून वाहू लागतात. त्याच वेळी शिंगटी, खवलीसारखे मासे प्रवाहाच्या उलट दिशेने भातखाचरांकडे चढतात. ही वळगण. पाग घेऊन लोक बांधावर उभे असतात आणि गाबोळीने भरलेली मासळी त्या रात्री घरोघरी शिजते.

मासे कमी झाले की बोट या पागांकडेच दाखवलं जातं. त्यात तथ्य आहे. अंडी घालण्याआधीच मादी पकडली तर पुढची पिढी कुठून येणार? पण जी अंडी शेतात पोहोचतात, त्यातून निघालेल्या पिल्लांना खायला काय मिळतं, हे फारसं कुणी विचारत नाही.

खाचरात पाणी साचलं की मातीत सुप्त पडलेली सूक्ष्म जीवांची अंडी फुटतात. जलपिसवा, डासांच्या अळ्या, चतुरांची पिल्लं यांनी पाणी भरून जातं. त्यांच्यावर माशांची पिल्लं आणि बेडूक वाढतात, त्यांच्यावर बगळे, साप आणि पावसाळ्यात ओहोळावर पोट भरणारी कातकरी कुटुंबं. भराव घालून खाचर बुजवलं, तर ही सगळी साखळी एकदम जाते. ते निदान डोळ्यांना दिसतं. कीटकनाशकाचं तसं नाही.

जपानमधल्या शिंजी सरोवराची कथा त्यासाठी वाचायला हवी. सरोवराभोवती भातशेती आहे. तिथे 1993 मध्ये निओनिकोटिनॉइड गटातली कीटकनाशकं आली. मासे त्यांनी थेट मारले नाहीत. पाण्यातले सूक्ष्म प्राणी मात्र 83 टक्क्यांनी घटले. वाकासागी हा मासा त्यांच्यावरच जगतो. त्याची वार्षिक पकड 240 टनांवरून 22 टनांवर आली. हा संबंध ‘सायन्स’ नियतकालिकातून 2019 मध्ये जगापुढे आला, म्हणजे तब्बल सव्वीस वर्षांनी.

आपल्याकडे भातावरच्या तुडतुड्यांसाठी वापरलं जाणारं इमिडाक्लोप्रिड याच गटातलं. ते पाण्यात सहज विरघळतं आणि कीटकांच्या मज्जासंस्थेवर आघात करतं. ती तुडतुड्याची की चतुराची, हा भेद त्याला कळत नाही. डास आठवड्या-दोन आठवड्यांत पुन्हा वाढतात. त्यांच्या अळ्या खाणारे चतुर सावरायला कितीतरी जास्त वेळ घेतात. फवारलेल्या शिवाराजवळ डास वाढले तर नवल नाही.

फवारणी टाळताच येणार नाही, असंही होतं. हातचं पीक कोण सोडेल? पण चुडात पाच-दहा तुडतुडे दिसेपर्यंत थांबता येतं. तुडतुडे वाढले की खाचरातलं पाणी काढून टाकायला सांगतात. ते फवारणीच्या आधी काढावं. नंतर बांध फोडला, तर औषध थेट ओहोळात आणि तिथून उल्हासेत उतरतं.