हरलेल्या राजाचं नेपाळी महाकाव्य

तराईनच्या रणांगणावर ११९२ साली महंमद घोरीकडून पराभूत झालेला अजमेरचा राजा पृथ्वीराज चौहान. त्याच्यावर नेपाळी भाषेत एक अख्खं महाकाव्य आहे आणि ते लिहिलंय नेपाळच्या सर्वांत मोठ्या कवीने, लक्ष्मीप्रसाद देवकोटांनी. 'पृथ्वीराज चौहान' याच नावाचं हे काव्य छापलं गेलं १९९२ मध्ये, कवीच्या मृत्यूनंतर तेहतीस वर्षांनी.

देवकोटांचा जन्म काठमांडूतला, १९०९ सालचा, लक्ष्मीपूजनाच्या दिवशीचा. म्हणून नाव लक्ष्मीप्रसाद. लक्ष्मी मात्र या घरात कधी फारशी टिकली नाही. शिकवण्या करून संसार चालायचा. नेपाळवर सत्ता गाजवणाऱ्या राणा घराण्याच्या राजवटीत वाचनालय काढण्याची परवानगी मागणंसुद्धा गुन्हा ठरत असे. १९३० साली अशा मागणीवरून ज्या तरुणांवर कारवाई झाली, त्यांत देवकोटाही होते. पुढे राणांच्या विरोधात त्यांनी बनारस गाठलं आणि तिथून 'युगवाणी' या नियतकालिकाचं संपादन केलं. लिहिण्याचा वेग अचाट होता. 'शाकुन्तल' महाकाव्य तीन महिन्यांत आणि 'सुलोचना' दहा दिवसांत पूर्ण केल्याचं नेपाळी वाचक आजही कौतुकाने सांगतात.

काठमांडूच्या कवीला अजमेरचा राजा का आठवावा? त्याचं एक उत्तर नेपाळच्या राजघराण्यांतच मिळतं. शाह राजे आपली वंशावळ चितोडपर्यंत नेत. जंगबहादुर कुंवरने एकोणिसाव्या शतकात 'राणा' हे उपपद घेतलं, तेही मेवाडशी नातं सांगूनच. हे दावे इतिहासाच्या कसोटीवर कितपत उतरतात, हा वेगळा प्रश्न. पण त्यामुळे राजपुतान्याच्या कथा नेपाळच्या डोंगरांत परक्या राहिल्या नाहीत. देवकोटांनी 'महाराणा प्रताप' हे आणखी एक महाकाव्य लिहिलं. तेही १९६७ साली, मरणोत्तर प्रसिद्ध झालं.

मला मात्र दुसरं उत्तर अधिक पटतं. संस्कृत परंपरेत महाकाव्याचे नियम पक्के आहेत. दंडीने 'काव्यादर्शा'त नगर, पर्वत, समुद्र, ऋतू, चंद्रोदय, विवाह, दूत, स्वारी आणि युद्ध अशी वर्णनांची यादीच दिली आहे. पृथ्वीराजाच्या कथेत याला तोटा नाही: कनौजच्या जयचंदाची मुलगी संयोगिता, तिचं स्वयंवर, घोड्यावरून केलेलं हरण, दोन लढाया. ११९१ च्या पहिल्या लढाईत तर घोरीच पळाला होता. अडचण येते शेवटाला. दंडीला नायकाचा अभ्युदय हवा आणि इथे नायक हरतो.

चंद बरदाईच्या नावावर असलेल्या 'पृथ्वीराज रासो'ने ही अडचण आपल्या परीने सोडवली. गझनीच्या कैदेत डोळे काढलेला पृथ्वीराज केवळ आवाजाच्या रोखाने बाण सोडतो आणि घोरीला ठार करतो. ही कथा कितीही हृदयाला भिडली तरी इतिहास नाही. घोरी मारला गेला १२०६ मध्ये, तराईननंतर चौदा वर्षांनी, सिंधूच्या बाजूला. 'रासो'चं आज मिळणारं रूप पृथ्वीराजानंतर काही शतकांनी आकाराला आलेलं आहे. ब्यूलर या संशोधकाला १८७६ च्या सुमारास काश्मिरात 'पृथ्वीराजविजय' या संस्कृत काव्याची भूर्जपत्रावरची अपुरी पोथी मिळाली. तिच्यातली वंशावळ शिलालेखांशी जुळत होती, 'रासो'तली जुळत नव्हती. तरीही लोकांच्या मनात राहिला तो बाणच. हरलेल्याला निदान कवितेत तरी न्याय मिळावा, ही ओढ फार जुनी आहे.

देवकोटांची पात्रं एका ओळीत उभी करून पाहा. शकुंतला पतीने नाकारलेली. प्रताप रानोमाळ हिंडणारा. 'प्रमिथस' या त्यांच्या महाकाव्यात अग्नी आणल्याबद्दल कड्याला जखडलेला ग्रीक प्रोमिथियस. 'मुनामदन'मध्ये पैसा मिळवायला ल्हासाला गेलेला मदन, जो परततो तेव्हा मुना उरलेली नसते. या माळेत पृथ्वीराज उपरा वाटत नाही. जिंकणाऱ्यापेक्षा सोसणाऱ्याकडे या कवीचं लक्ष आधी जातं.

नेपाळच्या घराघरांत पोहोचलं ते मात्र 'मुनामदन', १९३६ मध्ये झ्याउरे या लोकछंदात लिहिलेलं छोटंसं काव्य. कर्करोगाने खंगलेल्या देवकोटांनी १९५९ मध्ये शेवटच्या दिवसांत, माझं बाकी सगळं जाळलं तरी चालेल, 'मुनामदन' तेवढं ठेवा, असं म्हटल्याचं सांगतात. सुदैवाने कोणी ते ऐकलं नाही. पण वाचकांनी मात्र त्यांचा शब्द जरा जास्तच पाळला. मरणोत्तर निघालेल्या महाकाव्यांकडे जायला हवं होतं तेवढं लक्ष गेलं नाही.

मराठी वाचकाला ही वाट तितकी अवघड नाही. लिपी देवनागरीच. कवी भानुभक्तांचं नेपाळी रामायण मुख्यत्वे शार्दूलविक्रीडितात आहे: एकोणीस अक्षरं, बाराव्यावर यती. वामन पंडित आणि मोरोपंत वाचलेल्या कानाला ही चाल ओळखीचीच. देवकोटांचं 'शाकुन्तल'ही अशाच अक्षरगणवृत्तांत बांधलेलं आहे. 'पृथ्वीराज चौहान' प्रसिद्ध झालं त्याच १९९२ मध्ये, एकाहत्तराव्या घटनादुरुस्तीने, कोकणी आणि मणिपुरीबरोबर नेपाळी भाषा आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. तेव्हा अजमेरच्या राजावरचं हे काव्य आपल्याच एका मान्य भाषेतलं आहे. एखाद्या मराठी प्रकाशकाने निदान त्याचे निवडक सर्ग, मूळ आणि अनुवाद समोरासमोर ठेवून, छापायला हवेत.