झुरळांच्या धंद्यातही मुद्दल राखावे लागते

अमेरिकेत व युरोपात हौशी लोक बेडूक पाळतात. बेडूक हलणारे भक्ष्यच टिपतो, म्हणून त्याच्यासाठी झुरळे पैदा करून विकणे हा तिथे रीतसर धंदा आहे. घरातले झुरळ चालत नाही, त्याच्या अंगात औषधाचे विष असू शकते. दक्षिण अमेरिकेतील ‘डुबिया’ जात ठेवतात. ती गुळगुळीत प्लॅस्टिकवर चढत नाही, तेव्हा साधा डबा पुरतो. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावायचे, ऊब सुमारे ३० अंश, खायला कोंडा, गाजर. ओल धरली की बुरशी येऊन माल जातो, आमच्या कापडाच्या गोदामासारखाच.

मादी एका वेळी २०-३० जिवंत पिल्ले देते. पण ती मोठी व्हायला ४ ते ६ महिने लागतात. नवखा इथेच फसतो. गिऱ्हाईक दारात उभे, म्हणून तो मोठ्या माद्याच उचलून देतो आणि डबा रिकामा होतो. आम्ही व्यापारी याला मुद्दल खाणे म्हणतो. माद्या राखाव्यात, जास्तीचे नर व मधली पिल्ले विकावीत. ओळख सोपी आहे: नराला पुरे पंख, मादीला नुसते खुंट.