शब्द आणि सूर

“काहून बे पोट्ट्या, काल आला नाही?” अशी हाक अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या मैदानावर एका मुलाने दुसऱ्यास दिली, तर तो दुसरा मुलगा हसतच धावत येतो. त्या हाकेत त्याला आपलेपणा ऐकू येतो. वऱ्हाडी बोलीत ‘काहून’ म्हणजे का, ‘पोट्टा’ म्हणजे मुलगा, आणि ‘बे’ हे बरोबरीच्या सोबत्यासाठी योजलेले संबोधन. तेच शब्द पुण्याच्या एखाद्या मुलाच्या कानी पडले, तर आपल्याशी कोणी उर्मटपणे बोलत आहे, असे त्यास वाटण्याचा संभव असतो. शब्द तेच, परंतु एके ठिकाणी ते स्नेह दर्शवितात, तर दुसऱ्या ठिकाणी अपमान.

असे का व्हावे? शब्दाचा अर्थ केवळ कोशात नसतो. तो शब्द कोणी, कोणास, कोठे व कोणत्या सुरात उच्चारला, यावरही अर्थ अवलंबून असतो. आई पाठीवरून हात फिरवीत ‘शहाणं माझं बाळ’ म्हणते, ती स्तुती होय. ‘मोठा शहाणा लागून गेलास!’ असे कोणी म्हटले, की तोच शब्द टोमणा होतो. काळाच्या ओघातही असे घडते. सम्राट अशोकाने आपल्या शिलालेखांत ‘देवानांप्रिय’, म्हणजे देवांचा लाडका, हे बिरुद धारण केले. पुढे संस्कृतात याच शब्दाला ‘मूर्ख’ असा अर्थ आला!

बोलणाऱ्याच्या हेतूविषयी शंका नसेल, तर कठोर शब्दही लोक मानून घेतात. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले संत गाडगेबाबा दिवसा खराट्याने गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. कर्ज काढून सण करणारे, व्यसनात बुडालेले, शिवाशीव पाळणारे, अशा सर्वांना ते आपल्या वऱ्हाडी बोलीत रोखठोक फटकारीत. तरीही त्यांच्या कीर्तनाला लोकांची गर्दी लोटे. कारण हा माणूस आपल्याच कल्याणासाठी झिजतो आहे, हे लोक डोळ्यांनी पाहत होते.

लेखी संदेशात मात्र चेहरा दिसत नाही, सूरही ऐकू येत नाही. भ्रमणध्वनीवर उमटतात ती केवळ अक्षरे. मैदानावर हसण्यावारी गेलेला शब्द तेथे बाणासारखा लागतो. ही अडचण नवी नाही. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरून पाठविलेल्या संदेशांतील थट्टा काही जणांना खरी वाटे. म्हणून १९ सप्टेंबर १९८२ रोजी स्कॉट फालमन या संगणकशास्त्रज्ञाने एक युक्ती सुचविली. अपूर्णविराम, संयोगचिन्ह आणि कंस ही एकापुढे एक लिहिली, की आडवा झालेला हसरा चेहरा दिसतो. ही थट्टा आहे, एवढेच त्या खुणेने सांगावयाचे होते.

परंतु खुणेलाही मर्यादा असते. कोणाची जात, गरिबी, रंग किंवा शरीराचे व्यंग यांवरून हिणवून पुढे हसरा चेहरा काढला, म्हणून जखम भरून येत नाही. तेथे ‘गंमत केली’ ही सबब लंगडीच ठरते. वऱ्हाडातही ‘बे’ हे संबोधन वडीलधाऱ्यांस कोणी लावीत नाही.

म्हणून लिहिणाऱ्याने आपला शब्द कोणाच्या हाती पडणार आहे, याचा आधी विचार करावा. वाचणाऱ्यानेही शब्द खटकताच उलट शब्द न फेकता, ‘तुमच्याकडे याचा अर्थ काय?’ असे विचारावे. या एका प्रश्नाने पुष्कळदा भांडण टळते. आणि दुसऱ्या गावची बोली थोडी कळते, हा लाभ वेगळाच.